आंधळे उड्डाण आणि डोळस प्रशासन

२४ सप्टेंबर १९२९ रोजी सकाळी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील मिचेल फील्ड या लष्करी विमानतळावरून एक लहान दुपंखी विमान उडाले, सुमारे पंधरा मिनिटे आकाशात राहिले आणि जिथून उडाले तिथेच परत उतरले. विशेष एवढेच, की विमान चालवणारे लेफ्टनंट जेम्स डूलिटल यांना उड्डाणापासून उतरेपर्यंत बाहेरचे काहीही दिसत नव्हते. त्यांच्या कॉकपिटवर जाड कापडाचे आच्छादन होते. पुढच्या आसनावर लेफ्टनंट बेंजामिन केल्सी हे दुसरे वैमानिक बसले होते, पण ते केवळ अपघात टाळण्यासाठी. विमानाला आपला स्पर्शही होत नाही हे खालच्या मंडळींना कळावे म्हणून त्यांनी आपले हात बाहेरून दिसतील असे ठेवले होते.

विमानविद्येच्या इतिहासात या पंधरा मिनिटांना मानाचे स्थान आहे आणि ते योग्यच आहे. प्रशासनात काम करणाऱ्या माणसाला मात्र त्या पंधरा मिनिटांपेक्षा त्यानंतरची वीस वर्षे अधिक शिकवून जातात. कारण जे एका सकाळी सिद्ध झाले, ते जगभरच्या विमानतळांसाठी एक सर्वमान्य नियम म्हणून कागदावर यायला १९४९ साल उजाडावे लागले. मधल्या काळात काय घडले, याचाच हा आढावा.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की या प्रयोगाची गरज का पडली. अमेरिकेत १९१८ मध्ये टपाल खात्याने विमानाने टपाल नेण्यास सुरुवात केली. वैमानिक रेल्वेचे रूळ, नद्या आणि गावांचे दिवे पाहत मार्ग काढीत. पुढे रात्रीसाठी मार्गावर फिरते प्रकाशदीप उभारण्यात आले. पण धुके आणि ढग यांच्यापुढे प्रकाशदीप निरुपयोगी ठरत. १९२७ पर्यंत टपाल खात्याने ही सेवा स्वतः चालवली आणि त्या नऊ वर्षांत तीसहून अधिक वैमानिकांनी प्राण गमावले. यात धाडसाची कमतरता नव्हती. माणसाला आपला तोल कळतो तो डोळ्यांनी आणि कानाच्या आतील भागाने. डोळ्यांपुढचे क्षितिज नाहीसे झाले की कानाचा भाग फसवू लागतो. विमान वळणात घसरत असते आणि वैमानिकाला वाटते की आपण सरळ चाललो आहोत. कितीही अनुभवी माणूस असला तरी या फसवणुकीतून सुटका नाही.

१९२६ साली अमेरिकी काँग्रेसने हवाई वाणिज्य कायदा केला आणि हवाई मार्गांवरील दिशादर्शक साधनांची जबाबदारी वाणिज्य खात्याकडे सोपवली. रस्ता सरकारने बांधायचा आणि गाडी खाजगी कंपनीने चालवायची, हेच तत्त्व आकाशाला लागू झाले. वाणिज्य खात्याच्या अखत्यारीत नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स ही संस्था होती. वजने-मापे प्रमाणित करणे हे तिचे मूळ काम. तिच्या रेडिओ विभागाचे प्रमुख जे. हॉवर्ड डेलिंजर आणि त्यांचे सहकारी हॅरी डायमंड व फ्रान्सिस डनमोर यांनी हवाई मार्गदर्शनासाठी रेडिओचा वापर कसा करता येईल यावर काम केले. त्याच वर्षी डॅनियल गुगेनहाइम यांनी विमानविद्येच्या प्रसारासाठी २५ लाख डॉलरचा निधी स्थापन केला. धुक्यातील उड्डाण हा या निधीने हाती घेतलेल्या प्रश्नांपैकी एक प्रमुख प्रश्न होता. लष्कराने त्यासाठी डूलिटल यांना उसने दिले. ते विमानांच्या शर्यती जिंकणारे वैमानिक होतेच, शिवाय मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे विमानशास्त्रातील डॉक्टरही होते.

ब्यूरोची रेडिओ योजना समजायला सोपी आहे. जमिनीवरील केंद्रातून दोन दिशांना दोन वेगवेगळे रेडिओ संकेत सोडायचे. एकावर सेकंदाला ६५ कंपनांचा सूर, दुसऱ्यावर सुमारे ८७ कंपनांचा. दोन्ही झोत जिथे एकमेकांवर येतात तिथे एक सरळ वाट तयार होते. विमानात धातूच्या दोन बारीक पट्ट्या बसवलेल्या. प्रत्येक पट्टी आपापल्या सुराला प्रतिसाद देऊन थरथरते. दोन्ही पट्ट्यांची थरथर सारखी दिसली की विमान वाटेवर आहे. एकीची वाढली की विमान त्या बाजूला गेले आहे. जुन्या काळच्या तराजूची दोन पारडी जशी समतोल पाहायची, तसेच हे.

कागदावर सोपी असलेली ही गोष्ट आकाशात गेल्यावर कशी वागते, हे मात्र उडून पाहिल्याशिवाय कळणारे नव्हते. १९२७ मध्ये ब्यूरोचे हॅराडन प्रॅट पेनसिल्व्हेनियातील बेलफाँट येथे अशा बीकनवर काम करीत असता त्यांना एक विचित्र गोष्ट आढळली. दिवसा स्थिर असणारी वाट रात्री डुलू लागते. केंद्राच्या यंत्रात बिघाड नव्हता. पृथ्वीपासून शंभरएक किलोमीटर उंचीवर आयनांबर नावाचा विद्युतभारित कणांचा थर आहे. रात्री त्यावरून परावर्तित होऊन आलेल्या लहरी सरळ आलेल्या लहरींत मिसळत आणि वाटेची दिशा बिघडवीत. ज्या वेळी वैमानिकाला या वाटेची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच वेळी ती भरवशाची नव्हती. पुढे अँटेनाची रचना बदलून हा दोष बराच आटोक्यात आणला गेला. आयनांबराची ही आठवण वाचकांनी लक्षात ठेवावी. लेखाच्या शेवटी ते पुन्हा भेटणार आहे.

मिचेल फील्डवर डूलिटल यांनी महिनोन्‌महिने सराव केला. रेडिओच्या वाटेला त्यांनी आणखी तीन साधनांची जोड दिली. एल्मर स्पेरी यांच्या कंपनीने तयार केलेले कृत्रिम क्षितिज, त्याच कंपनीचा दिशादर्शक जायरो आणि पॉल कोल्समन यांचा अतिसंवेदनशील उंचीमापक. त्या काळचे सामान्य उंचीमापक शंभर फुटांनीही चुकत. कोल्समन यांचा मापक वीसेक फुटांपर्यंत अचूक होता. धुके उष्णतेने विरघळवण्याचाही एक प्रयोग तिथे करून पाहण्यात आला, पण त्याला यश आले नाही. २४ सप्टेंबरच्या पहाटे मैदानावर खरोखरच दाट धुके उतरले होते. डूलिटल आधी त्या धुक्यात एकटे उडून उतरले. मग निधीचे अध्यक्ष हॅरी गुगेनहाइम यांच्या उपस्थितीत, आच्छादनाखाली, ते अधिकृत उड्डाण झाले. दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे वाचून कुणालाही वाटले असते की धुक्याचा प्रश्न सुटला.

प्रत्यक्षात तो अर्धाही सुटला नव्हता. मिचेल फील्डवरच्या रेडिओने डूलिटल यांना डावे-उजवे सांगितले होते. किती उतारावरून खाली यायचे हे सांगितले नव्हते. ते काम उंचीमापकावर आणि त्यांच्या सरावावर सोडलेले होते. ब्यूरोने हा उरलेला भाग मेरीलँडमधील कॉलेज पार्क येथे हाती घेतला. धावपट्टीच्या रेषेवर नेणारा एक झोत, ठरावीक अंतरावर खूण देणारे छोटे बीकन आणि उताराची वाट दाखवणारा तिसरा झोत, अशी ती त्रिसूत्री होती. ५ सप्टेंबर १९३१ रोजी मार्शल बॉग्ज यांनी केवळ या रेडिओच्या आधारे तिथे विमान उतरवले. २० मार्च १९३३ रोजी जेम्स किनी यांनी हॅरी डायमंड यांना बरोबर घेऊन कॉलेज पार्कहून न्यूअर्कपर्यंत खराब हवेत उड्डाण केले आणि रेडिओच्या साहाय्याने ते तिथे उतरले. शोध लावणारा अभियंता स्वतः त्या विमानात बसला होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

या चाचण्यांतून दोषही दिसले. उताराची वाट सारख्या तीव्रतेच्या संकेतावर आधारलेली असल्याने ती सरळ नव्हती, वक्र होती. दूर असताना उतार जास्त आणि जमिनीजवळ तो कमी होत जाई. जड आणि वेगवान विमानांना अशी वाट सोयीची नव्हती. दोन समान संकेतांच्या सीमेवर बांधलेली सरळ वाट ही पुढची पायरी होती. पण ती पायरी गाठण्यापूर्वीच महामंदीच्या काटकसरीत १९३३ साली ब्यूरोचे हे संशोधन बंद पडले. प्रयोग यशस्वी झाला होता, म्हणून तो संपला असे हिशेब करणाऱ्यांनी धरले असावे. तसे वाटणे अस्वाभाविक नाही. ज्या कामाचे यश वर्तमानपत्रात छापून आले, त्याला आणखी पैसे कशाला, असा प्रश्न अर्थसंकल्पाच्या टेबलावर नेहमीच विचारला जातो.

याची किंमत लवकरच दिसून आली. फेब्रुवारी १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी गैरव्यवहाराच्या आरोपांवरून खाजगी विमान कंपन्यांचे टपालाचे करार रद्द केले आणि ते काम लष्कराच्या हवाई दलाकडे दिले. हिवाळा कडक होता. मोहीम संपेपर्यंत ६६ मोठे अपघात झाले आणि १३ जणांचे प्राण गेले. डूलिटल यांनी आंधळे उड्डाण केले तेव्हा ते याच दलाचे अधिकारी होते. त्याला साडेचार वर्षे उलटून गेली होती. तरीही बहुसंख्य लष्करी वैमानिकांना केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचे पुरेसे शिक्षण मिळालेले नव्हते. कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक जायरो ही उपकरणे दलाजवळ शेकडोंनी होती; पण ती फारच थोड्या विमानांत बसवलेली होती. बाकीची कोठारात पडून होती. या प्रकरणानंतर नेमलेल्या बेकर समितीत खुद्द डूलिटल सभासद होते. आपण जे सिद्ध केले ते आपल्याच दलात का पोहोचले नाही, याची चौकशी करण्याची वेळ त्यांच्यावर आली.

साधन आहे, प्रात्यक्षिक झाले आहे, खरेदीही झाली आहे. पण ते वापरणाऱ्याच्या हाती नाही आणि त्याला शिकवलेले नाही. प्रशासनात काम केलेल्या कोणाही वाचकाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. आपल्या कार्यालयांत प्रायोगिक योजनेला सर्रास ‘पायलट प्रोजेक्ट’ म्हणतात. एका तालुक्यात योजना उत्तम चालते, पाहुणे येऊन पाहून जातात, अहवाल तयार होतो. पण त्या तालुक्यात एक डूलिटल असतो म्हणून ती चालते. असाधारण माणसाने काम करून दाखवले की ते शक्य आहे एवढेच सिद्ध होते. सामान्य माणसाला ते रोज, थकलेल्या अवस्थेत, अपुऱ्या वेळात करता येईल अशी व्यवस्था उभारणे हे वेगळे काम आहे. त्याला वेगळा निधी, वेगळा काळ आणि वेगळ्या प्रकारचा संयम लागतो.

अमेरिकेत हे दुसरे काम अडखळत झाले. ६ मे १९३५ रोजी मिसूरी राज्यात एक प्रवासी विमान खराब हवेत कोसळले आणि त्यात सिनेटर ब्रॉन्सन कटिंग मरण पावले. मग सिनेटने चौकशी सुरू केली आणि हवाई मार्गांवरील साधनांच्या स्थितीची चर्चा सार्वजनिक झाली. १९३८ मध्ये नवा नागरी हवाई कायदा आला आणि विखुरलेले अधिकार एका स्वतंत्र प्राधिकरणाकडे गेले. त्याच वर्षी २६ जानेवारीला वॉशिंग्टनहून निघालेले एक नियमित प्रवासी विमान पिट्सबर्ग येथे हिमवादळात केवळ रेडिओ अवतरण प्रणालीच्या मदतीने उतरले. ही प्रणाली आज आयएलएस या नावाने ओळखली जाते. तिचे सुधारित रूप सहा विमानतळांवर बसवण्यास १९४१ मध्ये मंजुरी मिळाली.

युद्धानंतर दुसरा वाद उभा राहिला. रडारवर पाहून जमिनीवरील नियंत्रकाने वैमानिकाला तोंडी सूचना द्याव्यात, की वैमानिकाने आपल्या समोरच्या सुया पाहून स्वतः उतरावे? दोन्ही बाजूंना जाणकार माणसे होती. अखेर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९४९ मध्ये शिकागो कराराचे दहावे परिशिष्ट स्वीकारले आणि आयएलएस हे जगाचे प्रमाण झाले. एका देशाचे विमान दुसऱ्या देशाच्या धुक्यात तीच सुई पाहून उतरू लागले. या प्रणालीत ९० आणि १५० कंपनांचे दोन सूर असतात आणि ते सारखे झाले की विमान वाटेवर असते. ब्यूरोच्या थरथरणाऱ्या पट्ट्यांचेच हे तत्त्व आहे. विज्ञान फारसे बदलले नव्हते. वीस वर्षे लागली ती अधिकार कुणाचा, खर्च कुणाचा, शिक्षण कुणी द्यायचे आणि प्रमाण कोणते, हे ठरवायला.

याच काळात आपल्याकडे काय चालले होते? १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानावर टपाल घेऊन आले, तेव्हा त्यांच्या छोट्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. डोळे, नकाशा आणि होकायंत्र एवढाच आधार होता. त्याच्या वर्षभराहून अधिक काळ आधीच कॉलेज पार्कला रेडिओवर विमान उतरले होते, हे लक्षात घेतले म्हणजे दोन देशांतील अंतर कळते. स्वातंत्र्यानंतर जानेवारी १९४९ अखेर रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी परतत. देशाच्या मध्यभागी असण्याचा नागपूरचा भौगोलिक गुण असा कामी आला. जमिनीवरील रेडिओ साधनांशिवाय असे रात्रीचे वेळापत्रक वर्षानुवर्षे पाळणे अशक्यच होते.

पुढे आपल्या प्रमुख विमानतळांवर आयएलएस आले. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीहून मुंबई-पुण्याला निघालेल्या मराठी कुटुंबांना धुक्यामुळे ताटकळण्याचा अनुभव असतोच. पण त्या धुक्यातही जी विमाने उतरतात ती याच अदृश्य वाटेवरून. या वाटेची एक बाजू प्रवाशाला कधी दिसत नाही. आयएलएस एकदा बसवले की काम संपले असे होत नाही. धावपट्टीजवळ नवी इमारत उभी राहिली, एखादे मोठे वाहन चुकीच्या जागी थांबले, अँटेना किंचित सरकला, तरी झोत वाकू शकतो. म्हणून भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे उड्डाण तपासणी पथक मोजमापांची यंत्रे बसवलेले विमान घेऊन देशभर फिरत असते. एकाच धावपट्टीवर पुन्हा पुन्हा, झोताच्या कडेने, वरून, खालून उडत ते प्रत्येक वाटेचा सरळपणा मोजते. मोजमाप मर्यादेत नसेल तर ती वाट वापरातून काढावी लागते. ठरावीक काळाने हे सगळे पुन्हा करायचे. या कामाला उद्घाटन नाही, फीत नाही, छायाचित्र नाही. पण माझ्या मते मिचेल फील्डच्या उड्डाणाचा खरा वारसा हाच आहे.

आता आयनांबराकडे वळू. उपग्रहाच्या संकेतांवरून विमानाचे स्थान कळते, पण ते संकेत आयनांबरातून येताना रेंगाळतात आणि स्थान काही मीटरने चुकते. उतरणाऱ्या विमानाला ही चूक परवडत नाही. म्हणून भारतीय अंतराळ संशोधन संस्था आणि विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून ‘गगन’ ही प्रणाली उभारली. देशभरातील १५ संदर्भ केंद्रे चूक मोजतात आणि दुरुस्ती भूस्थिर उपग्रहांमार्फत विमानांना कळवली जाते. अमेरिका आणि युरोप यांच्याकडे अशा प्रणाली आधीच होत्या. पण त्यांची गणिते जशीच्या तशी उचलून चालणारे नव्हते. भारत चुंबकीय विषुववृत्ताजवळ येतो आणि इथले आयनांबर अधिक दाट, अधिक चंचल असते. भारतीय शास्त्रज्ञांना आपल्या आकाशासाठी स्वतंत्र प्रारूप तयार करावे लागले. १९२७ मध्ये बेलफाँटला रात्री वाट डुलवणारा हाच तो थर.

गगनला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ३० डिसेंबर २०१३ रोजी मार्गक्रमणासाठी आणि २१ एप्रिल २०१५ रोजी उताराच्या मार्गदर्शनासह अवतरणासाठी मान्यता दिली. २०१६ च्या राष्ट्रीय धोरणात १ जानेवारी २०१९ पासून नोंद होणाऱ्या विमानांत गगनची सोय असावी असे म्हटले होते. ती तारीख पुढे गेली. राजस्थानातील किशनगड येथे इंडिगो कंपनीचे एटीआर विमान गगनच्या आधारे उतरले ते २८ एप्रिल २०२२ रोजी. मान्यतेपासून सात वर्षांनी. किशनगडसारख्या लहान विमानतळांवर महागडे आयएलएस बसवणे सर्वत्र शक्य नाही, म्हणून या प्रणालीची खरी गरज तिथेच आहे. त्यामुळे ही सात वर्षे मला १९२९ नंतरच्या वीस वर्षांची आठवण देतात. उपग्रह आकाशात होते, संकेत येत होते. विमानांतील उपकरणे, वैमानिकांचे शिक्षण आणि प्रत्येक विमानतळाची अवतरण पद्धती यांची गाडी मागून येत होती.

आणि नवे साधन आले म्हणून जुने मोडीत काढावे, असेही नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आसमंतात उपग्रह संकेतांत बनावट संकेत मिसळल्याच्या घटना घडल्या आणि सरकारने त्या संसदेत मान्य केल्या. अशा वेळी जमिनीवरचे रेडिओ केंद्रच उपयोगी पडते. ते केंद्र चालू आहे याची खात्री ज्या पथकाने मागच्या फेरीत करून घेतली असेल, त्याच्यावर त्या दिवशी शेकडो लोकांचा जीव अवलंबून असतो.

या इतिहासातून तीन गोष्टी मला स्पष्ट दिसतात. पहिली, चाचणी ही कौतुकासाठी नसून दोष शोधण्यासाठी असते. रात्रीची डुलणारी वाट आणि उताराची वक्र रेषा हे दोन दोष सापडले, ही त्या चाचण्यांची सर्वात मोठी कमाई होती. दुसरी, प्रयोगाच्या मंजुरीतच त्यानंतरच्या प्रसाराची, शिक्षणाची आणि जबाबदारीची तरतूद असली पाहिजे. नाहीतर उपकरणे कोठारात राहतात आणि माणसे धुक्यात. तिसरी, एकदा दिलेले प्रमाणपत्र कायमचे नसते. जमीन बदलते, इमारती वाढतात, आकाशातला थरही रोज वेगळा असतो. म्हणून मोजमाप पुन्हा पुन्हा करावे लागते आणि ते करणाऱ्याला ‘ही वाट बंद ठेवा’ असे सांगण्याचा अधिकार असावा लागतो.

ढगात शिरलेल्या विमानातील प्रवाशाला समोरची सुई दिसत नाही, तिच्यामागचे केंद्र दिसत नाही आणि ते केंद्र तपासून गेलेले पथकही दिसत नाही. तो निवांत पेपर वाचत असतो किंवा डोळे मिटून बसलेला असतो. अनोळखी माणसांच्या नियमित, कंटाळवाण्या, प्रामाणिक कामावर त्याने टाकलेला हा विश्वास आहे. शासन नावाच्या गोष्टीचा अर्थ मला विचाराल, तर तो बराचसा एवढाच आहे.